पान 14: (शांतता). एका नाटकाच्या ध्वनीच्या नोंदी

9 फेब्रुवारी 2025, रविवार. साखळी, गोवा

आमचे नाटककार भाई, त्यांनी नव्या नाटकाची संहिता दिली. दोन अंक, 61 पानं. ध्वनी माझ्याकडे. मी सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन आवाजांच्या जागा शोधायला बसले: दार, ट्रक, पाऊस, आरती. तेवढ्यात लक्षात आलं की कंसात नुसतं (शांतता) असं सात ठिकाणी लिहिलंय. पान 14, 19, 22, 31, 38, 47 आणि शेवटचं.

"ह्या सातही वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत," भाई म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

नाटकाची गोष्ट अशी: कुर्डी गाव धरणात गेलं तेव्हा उठलेलं एक कुटुंब. आजी, खाणीवर ट्रक घातलेला मुलगा, आणि जुन्या गोव्यात पर्यटकांना चर्च दाखवणारी नात. सात शांतता म्हणजे घरची दुपार, देऊळ, हॉस्पिटलचा पॅसेज, खाणीचा रस्ता, गुड फ्रायडे, सेंट ऑगस्टिनचे भग्न अवशेष आणि कुर्डी.

सामान: हातात मावणारा रेकॉर्डर (मित्राचा, उसना), जुना हेडफोन, वाऱ्यासाठी माइकवर घालायची केसाळ टोपी ₹950, मेमरी कार्ड ₹600, ट्रायपॉड भाच्याचा. स्कूटर माझी. वेळ फक्त शाळा सुटल्यावर किंवा रविवारी.

16 फेब्रुवारी, रविवार

सुरुवात घरातूनच, म्हटलं सोपं आहे. आमच्याकडे दुपारी एकला बाजार बंद होतो तो साडेतीन-चारपर्यंत. रस्त्यावर कुत्रंसुद्धा उठून बसत नाही. पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली घातलं, फ्रीजचा प्लग काढला. रेकॉर्डरचा गेन (म्हणजे आवाज किती मोठा करून टिपायचा ती पातळी) पार वर नेला आणि वीस मिनिटं श्वास आवरून बसले.

संध्याकाळी ऐकलं. नुसतं फुस्स. घरातलं काहीच नाही, रेकॉर्डर स्वतःचाच आवाज टिपून मोकळा. स्वस्त यंत्राच्या आत जो बारीक खरखराट असतो तो आपण गेन वाढवला की तितकाच वाढतो. इतकं साधं आहे, पण कळायला एक दुपार गेली.

आणि फ्रीज लावायचा राहिला. रात्री दही फसफसलं होतं, विस्वणाच्या (सुरमईच्या) चार तुकड्यांना वास. ₹700 पाण्यात. आईने जे ऐकवलं ते रेकॉर्ड केलं असतं तर निदान एक चांगला टेक झाला असता. (उपाय, नंतर कळलेला: फ्रीज बंद केला की स्कूटरची चावी फ्रीजमध्ये ठेवायची. चावीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्यामुळे फ्रीज आठवतोच.)

20 फेब्रुवारी, गुरुवार. तालमीच्या खोलीत

तीन टेक ऐकवले. भाई डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "पहिला कुठला, तिसरा कुठला?" मलाही सांगता येईना.

दुसरा प्रयोग केला. काहीच वाजवायचं नाही, कोरी फाइल लावायची. आधीच्या प्रवेशात मागे बारीक पाखरं चालू होती, ती तोडली आणि कोरी फाइल सुरू केली. प्रकाशवाल्या दादांनी वर बघून विचारलं, "स्पीकर गेला काय गो?" कोरी फाइल म्हणजे बिघाड. लिहून ठेवा, कुणी हे काम करणार असाल तर.

2 मार्च, रविवार. तांबडी सुर्ला

देवळाची शांतता गावातल्या देवळात मिळत नाही, तिथे सकाळपासून भजनाची कॅसेट. म्हणून तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ: कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, जंगलात, शेजारी नदी.

रविवारी जाणं हाच गाढवपणा. दोन मिनीबस, एक वाढदिवस, आणि नंदीच्या मंडपात रील काढणारी पोरं. शिवाय पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू, ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. रखवालदार काकांनी नीट सांगितलं, मी नीट ऐकलं. पेट्रोल ₹240, हातात शून्य.

5 मार्च, बुधवार. पुन्हा तिथेच

अर्धी रजा टाकली. सकाळी पहिलीच मी. ट्रायपॉडऐवजी पंच्याची घडी करून मांडीवर रेकॉर्डर. गेन मध्यावर ठेवला, गाभाऱ्याच्या बाहेरच्या खांबाला टेकून बसले.

बाहेर नदी, कुठेतरी कुटुरगा पक्षी एकसुरी चालू. मंडपात शिरलं की ते बंद होत नाही, लांब जातं. जाड दगडामुळे वरचा बारीक आवाज गळून पडतो, उरतो तो खालचा. मग एका पुजाऱ्याने ओली कळशी दगडावर ठेवली. एकच आवाज, ठक्क. आणि त्यानंतरच्या आठ सेकंदांत मला पहिल्यांदा वाटलं की हे देवळात आहे, आमच्या स्वयंपाकघरात नाही.

घरी आल्यावर ती कळशी कापून टाकली, कारण मला "शुद्ध" शांतता हवी होती. कापल्यावर परत फुस्स. परत जोडली. देऊळ परत आलं.

हे मी तेव्हा नोंदवून ठेवलं, पण त्याचा अर्थ लागायला अजून एक महिना गेला.

16 मार्च, रविवार. भाईंच्या घरी

भांडणच झालं म्हणा. मी म्हटलं, "भाई, सात वेळा एकच शब्द लिहून सात गोष्टी मागता. तुम्ही लेखक ना? मग लिहा की कुठे शुकशुकाट, कुठे सामसूम."

भाईंनी चष्मा काढला. मग आम्ही दोघे पान पान घेऊन बसलो. वहिनींनी दोनदा चहा केला.

पान 14, घरची दुपार: निवांत. माणसं आहेत, झोपलीत.
पान 19, देऊळ: इथे त्यांनी "गाभाऱ्यातलं" एवढंच लिहिलं. शब्द सापडेना. चालेल.
पान 31, खाणीचा रस्ता: शुकशुकाट. जिथे वर्दळ असायला हवी तिथे नाही.
पान 38, गुड फ्रायडे: चिडीचूप. माणसं खच्चून भरलीत आणि कुणी बोलत नाही.
पान 47, ऑगस्टिन: सामसूम.
शेवटचं पान, कुर्डी. भाई बराच वेळ पेन धरून बसले आणि म्हणाले, "तू जाऊन ये, मग लिहू."

हॉस्पिटलवर (पान 22) वहिनींनी सुचवलं, "तिथे शांतता नसतेच, बोर्ड असतो." ते त्यांनी तसंच संहितेत घातलं.

एक जागा सोडली तर प्रत्येक शब्दात माणसांचा हिशोब आहे: किती आहेत, किती गेले, गप्प का. मी मात्र महिनाभर माणसं टाळून रेकॉर्डिंग करत होते.

23 मार्च, रविवार. जुनं गोवें आणि पणजी

माझी सगळ्यात हुशार कल्पना, जी सपशेल पडली.

सेंट ऑगस्टिन चर्चचा आता एक उंच मनोरा तेवढा उभा आहे. 1835 नंतर वास्तू ओस पडली, 1842 मध्ये छत कोसळलं. तिथली मोठी घंटा आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेली आणि 1871 मध्ये पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये चढली, ती अजून तिथे वाजते. मला वाटलं, पणजीत घंटेचा शेवट रेकॉर्ड करायचा, तो विरत जाताना ऑगस्टिनच्या अवशेषांतली शांतता त्याला जोडायची. घंटा तिची, शांतता तिची, मध्ये दीडशे-दोनशे वर्षं.

घंटा मिळाली, सुंदर मिळाली, फक्त खालून एक पर्यटक बस रिव्हर्स घेत होती. तीन खेपा. अवशेषांत कावळे आणि मुख्य रस्त्यावरची गाड्यांची सततची घरघर. ती घरघर 80 हर्ट्झच्या खालचा सगळा खर्ज कापूनही जाईना. साडेपाच तास, पेट्रोल आणि पार्किंग मिळून ₹310.

भाईंनी ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. पण ही घंटा तिथलीच, हे प्रेक्षकाला कुठून कळणार? इतिहास ऐकू येत नाही गो." राग आला. बरोबर होतं. पान 47 ला आता नातीच्या चपलांचा खडीवरचा आवाज आहे, ती थांबते, आणि कावळे. कावळे ठेवले.

4 एप्रिल, शुक्रवार. खाणीचा रस्ता

हे पान माझ्याच घरचं असल्यामुळे जास्त लिहिते.

आमच्या बाबांचा ट्रक होता, कर्ज काढून घेतलेला. खाणी जोरात असताना साखळी-डिचोलीकडच्या रस्त्यावर पहाटेपासून ट्रकांची रांग. खिडक्यांना ओले पडदे, तरी जेवणाच्या ताटावर लाल धूळ. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. त्याआधीच्या महिन्यात सरकारनेही स्थगिती दिलीच होती. पहिल्या आठवड्यात आई पहाटे दचकून उठायची. आवाजाने नव्हे, आवाज नाही म्हणून. बाबा बाल्कनीत बसायचे. अंगणात ट्रक उभा, पुढच्या चाकांखाली दगड. पुढे काही काळ सुरू झालं, 2018 मध्ये खाणींच्या 88 लीज रद्द झाल्यावर पुन्हा बंद. दुसऱ्या खेपेला बाबांनी ट्रक विकला.

ती शांतता आज कुठून आणणार? आता काही ठिकाणी परत वाहतूक सुरू आहे. आणि रिकाम्या रस्त्यावर माइक धरला तर येतो नुसता रिकामा रस्ता. दोन संध्याकाळी तसं करून पाहिलं, दोन्ही फुकट.

मग ती कळशी आठवली. शांततेच्या आधीचं घ्यायला हवं होतं.

बाबांच्या ओळखीच्या एका काकांचा टिपर आहे. त्यांना म्हटलं, गाडी आणा, पाच मिनिटं चालू ठेवा आणि बंद करा, दार आपटून उतरा, बास. "कित्याक?" (कशाला?) म्हणाले. सांगितलं. ते काही बोलले नाहीत, गाडी घेऊन आले.

इंजिन बंद झालं. दार. चपला लांब गेल्या. आणि मग गरम इंजिन निवायला लागलं: टिक. टिक-टिक. बराच वेळ काही नाही. टिक. लोखंड आकसतं त्याचा आवाज. मी इंजिनापासून चार बोटांवर माइक धरून होते, हात भरून आला तरी सोडला नाही. टिकटिक हळूहळू विरळ होत 23 मिनिटांनी थांबली. बाबा मागे येऊन उभे राहिले होते हे मला रेकॉर्डिंग ऐकताना कळलं. 19 व्या मिनिटाला त्यांचा खाकरा आहे. तो ठेवलाय.

खर्च: डिझेलचे ₹300 देऊ केले, घेतले नाहीत.

ह्यानंतर सगळ्या कामाची पद्धत बदलली. बटण शांतता झाल्यावर नाही, ती होण्याच्या निदान दोन मिनिटं आधी दाबायचं. जे थांबणार आहे ते आधी टिपायचं.

7 एप्रिल, सोमवार

घरची दुपार नव्याने. यावेळी मिक्सर चालू असतानाच बटण दाबलं. मिक्सर थांबला, ताटं धुतली, नळ बंद, पंख्याचा वेग एकवर. बाबांचं घोरणं लांबून. मग वर मंगळुरी कौलं तापून तडकतात ती: टिक. परसात एक झावळी सुटून पडली, धप्प. तीन पन्नासला पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा लांबून, पों पों. तो आधीच्या टेकमध्ये मी "व्यत्यय" म्हणून कापला होता. आता तोच दुपार संपल्याची खूण आहे.

फ्रीज लावला. चावी आत होती.

9 एप्रिल, बुधवार. तालीम

सगळे खूश, फक्त एक घोटाळा. पान 14 ची कौलं आणि पान 31 चं इंजिन दोन्ही टिकटिकतात. स्पीकरवर एकसारखंच. भाई म्हणाले, "आजीच्या घरावर ट्रक ठेवलाय काय?"

उपाय: कौलं प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या मागच्या स्पीकरमधून, भिंतीकडे तोंड करून. इंजिन रंगमंचावर, विंगेत जमिनीवर ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून. आवाज तोच, पण एक वरून येतो, एक गुडघ्याच्या उंचीवरून. काम झालं.

18 एप्रिल, गुड फ्रायडे

एका गावच्या चर्चमध्ये, फादरची आधी परवानगी घेऊन. अट एकच: पुढे यायचं नाही, कुणाच्या तोंडासमोर माइक नको. रास्त.

पवित्र गुरुवारच्या रात्रीपासून ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत घंटा वाजवत नाहीत. तिच्याऐवजी लाकडी खटखट्या. हजारभर माणसं आवारात, बहुतेक काळ्या कपड्यांत. मिरवणूक निघताना खटखट्या थांबला आणि जे उरलं ते चिडीचूपच. हजार माणसांची शांतता म्हणजे शांत अजिबात नसते: कपडे, खडी, कुणाचं तरी नाक, मेणबत्ती विझवताना फुंकर. एका पोराने विचारलं, "मांय, केन्ना घरा?" (आई, घरी कधी?) आणि आईने "ओगी राव" (गप्प राहा) म्हटलं, श्वासाच्या आवाजात. तो टेक, 2 मिनिटं 10 सेकंद, सगळ्या नाटकात मला सर्वात आवडतो. चूक एकच: हेडफोनची पिन अर्धी निघालेली होती, मी अर्धा तास एकाच कानाने ऐकत होते.

22 एप्रिल, मंगळवार

हॉस्पिटल. फाटकावर "शांतता क्षेत्र". नियम 2000 सालचे, हॉस्पिटलभोवतीचा 100 मीटरचा पट्टा, दिवसा 50 डेसिबल आणि रात्री 40. माझ्या फोनवरचं ॲप (त्यावर भरवसा ठेवू नका) पॅसेजमध्ये 60 च्या खाली येईना. ट्रॉली, लिफ्टची घोषणा, नातेवाईकांचे फोन. सुरक्षारक्षकाने रेकॉर्डर पिशवीत ठेवायला सांगितला, ठेवला. वहिनींचंच खरं. पान 22 ला आता मंचावर बोर्ड आहे आणि बाकी गोंगाट. लोक हसतात तिथे.

11 मे, रविवार. कुर्डी

साळावली धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की गाव वर येतं. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव हे, त्या इथेच 1904 मध्ये जन्मल्या. ऐंशीच्या दशकात गाव बुडालं, माणसं वाडे आणि वालकिणीला गेली. मे महिन्यात मूळचे गावकरी सोमेश्वराला येतात, आणि हल्ली त्यांच्याहून जास्त बघे येतात.

मी मनात स्मशानशांतता धरून गेले होते. तिथे गाड्या, आइस्क्रीम, ड्रोन. दुपारी तीनपर्यंत एक मिनिटही हाती नाही. ऊन असं की रेकॉर्डरचा स्क्रीन काळा पडला, ओल्या रुमालात गुंडाळून झाडाखाली ठेवावा म्हटलं तर झाड कुठे? बुंधे आहेत.

आणि तिथेच कळलं की इथलं वेगळं काय आहे. वारा जोरात आहे, पण सळसळ नाही. सळसळायला पानच नाही. वारा येतो, अंगाला लागतो, कानाला काही सांगत नाही. अशी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. मात्र माइकला तो नुसता गडगडाट. केसाळ टोपी घालूनही पहिले तीन टेक गेले. शेवटी चिऱ्याच्या एका जोत्याच्या आडोशाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर रेकॉर्डर ठेवला.

त्या जोत्यावर एक आजी बसल्या होत्या. मी विचारलं, इथे ठेवू का. म्हणाल्या, "दवर. ही आमची रांदचीकूड." (ठेव. हे आमचं स्वयंपाकघर.) मग हात फिरवून दाखवलं, चूल इथे, पाण्याची भांडी इथे. आणि बोलायच्या थांबल्या. मी बटण आधीच दाबलेलं होतं.

टेक 4, वापरण्याजोगा भाग 1 मिनिट 50 सेकंद. त्यांचं बोलणं संपतं, बांगड्या एकदा वाजतात, पुढे काही नाही. लांबवर टिटवी. मग कुणीतरी गाडीतलं गाणं लावलं.

नाटकात वापरू का असं त्यांना विचारलं, बोलणं कापून. "काप वा दवर, तुका जाय तशें." (काप किंवा ठेव, तुला हवं तसं.) बोलणं कापलंय. बांगड्या ठेवल्यात.

रात्री भाईंना ऐकवलं. त्यांनी संहिता काढली, शेवटच्या पानावरची (शांतता) खोडली आणि "(वारा. पान हलत नाही.)" असं लिहिलं. मला ते थोडं जास्त वाटतं, पण पान त्यांचं आहे.

27 मे, मंगळवार

पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला. परसात बेडूक सुरू झाले, खिडकीशी माइक धरून कुठलीही शांतता मिळणं आता सप्टेंबरपर्यंत विसरा. कुर्डीला परत जाऊन एक लांब टेक घ्यायचा बेत होता, तोही गेला. पाणी चढणार. पुढची संधी आता 2026 चा मे.

आतापर्यंतचा हिशोब: रोख ₹4,120 (मासळी धरून), अर्ध्या रजा तीन, रविवार सहा, वापरात आलेलं रेकॉर्डिंग सगळं मिळून 14 मिनिटं.

अडचण राहिली ती एक. शेवटचा प्रवेश चार मिनिटांचा आहे आणि कुर्डी 1 मिनिट 50 सेकंद. म्हणून लूप केलाय. सांधा ऐकू येत नाही, पण 38 व्या सेकंदाला टिटवी जशी ओरडते तशीच ती पुन्हा एकदा ओरडते, हुबेहूब. टिटवी कापली तर परत नुसतं फुस्स राहतं. भाईंना अजून सांगितलेलं नाही.